न्यूझीलंडच्या मोटरहोमचे सहा लाख कसे गेले

ज्याने मला फसवलं त्याने न्यूझीलंडबद्दल एकही खोटी माहिती दिली नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. सरळसरळ खोटं बोलणारा माणूस मी बहुधा ओळखला असता. सहकारी बँकेत एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी क्लिअरिंगमध्ये. सही जराशी तिरकी दिसली की चेक परत. तोच मी मुलुंडच्या घरात बसून, चहा पीत पीत ६,१७,४०० रुपये घालवून बसलो.

२०२४ चा जुलै. मी आणि माझा साडू एकाच वर्षी निवृत्त झालो होतो. साडू वर्कशॉपमधला, गाडीच्या आवाजावरून रोग सांगणारा. चौघांनी परदेशी जायचं म्हणत होतो, पण छत्री उंच धरलेल्या गाइडच्या मागे मेंढरांसारखं पळायचं नव्हतं. साडूच्या मुलाने मोटरहोमचे व्हिडिओ दाखवले. गाडीतच पलंग, शेगडी, फ्रीज, न्हाणी. थांबू तिथे मुक्काम. न्यूझीलंडमध्ये आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, तेव्हा देशही तोच ठरला. सौ.ला त्यात फक्त एक गोष्ट दिसली: सकाळी आपले पोहे आपल्याला करता येणार.

त्याच आठवड्यात व्हॉट्सॲपवर आमंत्रण आलं. विलेपार्ले पूर्वेच्या एका हॉलमध्ये स्लाइड शो, प्रवेश विनामूल्य, चहा आणि बटाटेवडा. साठेक माणसं, सगळी आमच्याच वयाची. बोलणारा पस्तिशीतला, साधा शर्ट, स्वच्छ मराठी. आणि सुरुवात काय केली? "ही सहल कोणी करू नये, ते आधी सांगतो." कंबरदुखी असेल तर येऊ नका. नवराबायकोचं चार दिवसही पटत नसेल तर मुळीच येऊ नका. "आणि काकू, संडासाची टाकी आपली आपण काढून डम्प स्टेशनवर ओतावी लागते. तिकडे गडी मिळत नाही." हॉल हसला. आपल्याला गिऱ्हाईक नको असल्यासारखा जो बोलतो, त्याच्याच मागे गिऱ्हाईक जातं, हे मला साठाव्या वर्षी कळायला हवं होतं.

मी वहीत सगळं उतरवून घेतलं. आपलं इंग्रजीतलं लायसन्स तिकडे चालतं. साध्या मोटारीच्या लायसन्सवर ६,००० किलोपर्यंतची गाडी चालवता येते. मोकळ्या रस्त्यावर ताशी १०० ची मर्यादा, पण गाडी साडेतीन टनांच्या वरची असेल तर ९०. डिझेल गाडीला किलोमीटरप्रमाणे वेगळा रस्ता-कर पडतो, तो हिशेबात धरा. कुठेही गाडी लावून झोपता येत नाही; 'सेल्फ-कंटेन्ड' (संडास-पाण्याची सोय गाडीतच असल्याचं) प्रमाणपत्र लागतं, नसेल तर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. २०२३ च्या कायद्याप्रमाणे तर पलंग अंथरलेला असतानाही आतला संडास वापरता आला पाहिजे. यावर पुन्हा हशा. दक्षिण बेटावर एकपदरी पूल फार, लहान लाल बाण आपल्या बाजूला असेल तर आपण थांबायचं. आर्थर्स पासच्या घाटात किआ नावाचे पोपट येतात आणि गाडीचं रबर कुरतडतात, त्यांना खायला घालू नका. लोणचं, मसाले, मेतकूट नेताय तर विमानातून उतरल्यावर फॉर्मवर लिहा; लपवलंत तर तिथेही ४०० डॉलर.

घरी येऊन मी आणि धाकट्या मुलीने दोन रात्री बसून एकेक ओळ ताडून पाहिली. न्यूझीलंड सरकारची संकेतस्थळं उघडली. किलोचा आकडा बरोबर, दंड बरोबर, बाणाचा रंगसुद्धा बरोबर. वहीत प्रत्येक ओळीपुढे मी पेन्सिलीने बरोबरची खूण करत गेलो. शेवटची खूण झाली तेव्हा त्या मुलावर माझा पुरता विश्वास बसला होता. न्यूझीलंडची एवढी चौकशी केली, त्याची काडीचीही केली नाही.

मग तो घरी आला. "काका, मला अहोजाहो नका करू." सौ.ने साबुदाण्याची खिचडी केली, त्याने दुसऱ्यांदा मागून घेतली. सहा जण झोपतील अशी गाडी, १६ रात्री, क्राइस्टचर्चला घ्यायची आणि तिथेच सोडायची, मुक्कामाला वीजजोडणी असलेल्या हॉलिडे पार्कच्या जागा, मिलफर्ड साउंडची बोट. दर ५,६०,०००. आम्ही जोडून पाहिलं तर स्वतः बुक करण्यापेक्षा सात-आठ टक्के कमी. अर्ध्या किमतीत देतो म्हणाला असता तर मी दारातूनच वाटेला लावला असता. विमानाची तिकिटं त्याने घेतली नाहीत. "ती तुम्हीच काढा, तुमच्या नावावर मैल जमा होतील." अनामतीचंही तसंच. "बाँडचे पैसे मला द्यायचे नाहीत, ते तिकडे काउंटरवर तुमच्याच क्रेडिट कार्डावर अडकून राहतील." हेही शंभर टक्के खरं होतं. पैसे नाकारणारा माणूस चोर कसा असेल?

५,६०,००० वर पाच टक्के जीएसटी, त्यावर परदेशी सहलीचा तेव्हाचा पाच टक्के टीसीएस (एजंटने गिऱ्हाइकाकडून घेऊन आयकर खात्यात भरायचा कर), एकूण ६,१७,४००. ऑगस्टमध्ये पाव रक्कम, सप्टेंबरमध्ये बाकीची, कारण "डॉलर वर चाललाय, काका". क्रेडिट कार्डाने देऊ का विचारलं तर दोन टक्के जास्त पडतील म्हणाला. बारा हजार वाचवायला मी एनईएफटी केलं. कार्डावर दिले असते तर निदान बँकेकडे वाद तरी घालता आला असता.

आता माझ्या तोंडाला काळं फासणारा भाग. एनईएफटीत पैसे खातेक्रमांकावर जातात. तुम्ही नाव काय टाकलंत आणि खातं कोणाचं आहे, हे पलीकडची बँक जुळवून बघत नसे. हे मी काउंटरवर शेकडो लोकांना सांगितलंय. मी बिलावरचं प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं नाव टाकलं, पैसे एका व्यक्तीच्या खात्यात गेले. (रिझर्व्ह बँकेने सांगितल्यावर एप्रिल २०२५ पासून पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव पाहायची सोय आली आहे. वापरा. आमचे पैसे त्याआधीच गेले होते.)

बिल तर समोरच होतं. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. याच्या बिलावर ऑफिस दादरचं आणि क्रमांकाची सुरुवात २४ ने, म्हणजे गुजरात. त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन, आणि पॅनचं चौथं अक्षर धारक कोण ते सांगतं: कंपनी असेल तर सी, व्यक्ती असेल तर पी. इथे पी. कुठल्यातरी भलत्याच माणसाचा क्रमांक उचलून छापलेला. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकला की धंद्याचं नाव दिसतं, त्याला पैसे पडत नाहीत, लॉगिन लागत नाही. अर्धं मिनिट लागलं असतं. आणि टीसीएस! तो माझ्या पॅनवर भरला असता तर आयकर खात्याच्या २६एएस या उताऱ्यात दिसायलाच हवा होता. जुलै ते सप्टेंबरचं टीसीएसचं विवरण १५ ऑक्टोबरपर्यंत भरायचं होतं. मी २६एएस उघडलं जानेवारीत. माझं पेन्शन होतं, एफडीचं व्याज होतं. टीसीएसच्या रकान्यात काही नव्हतं. सरकारच्या नावाने घेतलेले २९,४०० रुपयेही त्याने खिशातच टाकले होते.

उघडकीला आलं ते धाकटीमुळे. निघायला तीन आठवडे होते, व्हिसा आले होते. ती म्हणाली, "बाबा, गाडीचं चेक-इन ऑनलाइन होतं, लायसन्सचे तपशील भरून टाकूया, तिकडे रांग नको." व्हाउचरवरचा क्रमांक आणि आडनाव टाकलं. सापडत नाही. पुन्हा टाकलं. सापडत नाही. रात्री अकराला तिने गाडीवाल्या कंपनीला मेल टाकला. फेब्रुवारीच्या आसपास तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे असतं. पहाटे साडेतीनला, म्हणजे त्यांच्या सकाळी अकराला, उत्तर आलं. मी जागाच होतो. चार ओळी, अगदी सभ्य. हा क्रमांक आमचाच आहे, पण तो कोटेशनचा; सप्टेंबरमध्ये कोणीतरी दर मागवला होता, पैसे कधीच आले नाहीत, मुदत संपून रद्द झालं. तुमच्या तारखांना सहा जणांची एकही गाडी शिल्लक नाही.

दर मागवायला पैसे लागत नाहीत, कोणीही मागवू शकतो. क्रमांक खरा, चिन्ह खरं, गाडीचा नकाशा खरा. त्याने फक्त वरचा 'कोटेशन' शब्द काढून तिथे 'कन्फर्मेशन' बसवला होता. मग भिंग घेऊन बसलो तर त्या एका शब्दाची अक्षरं बाकीच्यांपेक्षा किंचित जाड होती. चेकवर दिसली असती तर पकडली असती. म्हणून सांगतो, एजंटने कागद दिला की गाडीवाल्या कंपनीच्या स्वतःच्या साइटवरचा पत्ता घेऊन तिलाच लिहा, आणि "बुकिंग आहे का" एवढंच विचारू नका. "याचे पैसे तुमच्याकडे पोचले का, किती आणि कधी" असं विचारा.

त्याला फोन केला. "काका, त्यांची सिस्टीम बदलतेय, दोन दिवस द्या." दोन दिवसांनी वडील आयसीयूत होते. त्यानंतर व्हॉट्सॲपवर एकच टिक. दादरच्या ऑफिसात गेलो तर टेबल तेच, खुर्ची तीच, माणूस भलताच. ती जागा तासावर भाड्याने मिळते आणि त्या वेळेला तिथे कोणीतरी पत्रिका बघत होतं. साडू म्हणाला, "आपलीही दाखवून घ्या."

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन लावला. तो नंबर पैसे गेल्यागेल्या लावायचा असतो, म्हणजे पुढच्या खात्यात ते गोठवता तरी येतात. आमचे जाऊन चार महिने झाले होते. पोलीस ठाण्यात साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "राहायची गाडी म्हणजे शूटिंगची व्हॅनिटी व्हॅन का?" कागदावर 'व्हॅनिटी व्हॅनसदृश वाहन' असं गेलं. कलमही बदललंय. १ जुलै २०२४ पासून फसवणुकीचं चारशेवीस राहिलं नाही, आता भारतीय न्याय संहितेचं ३१८ (४). एवढ्या पिढ्यांची शिवी बिचारी बेघर झाली.

तिकिटं परत होणारी नव्हती, म्हणून गेलो. साधी मोटार भाड्याने घेतली आणि पार्कांमधल्या केबिनमध्ये राहिलो, सगळं दुसऱ्यांदा पैसे भरून. लेक टेकापोला आमच्या केबिनसमोर मोटरहोमची रांग लागलेली असायची. संध्याकाळी आत दिवे लागायचे, कोणीतरी कांदा परतायचं. सौ. तिकडे पाठ करून बसायची. आर्थर्स पासला गाडी थांबवली तर कोणाच्या तरी मोटरहोमच्या टपावर एक किआ बसून चोचीने रबर उपटत होता. हिरवा, धिप्पाड, निर्लज्ज. साडू बराच वेळ बघत राहिला. "सांगितलं होतं त्याने," म्हणाला. खरंच होतं. पूल, बाण, माश्या, दंडाच्या पाट्या, त्याने सांगितलेलं सगळं जिथल्या तिथे होतं.

परत आल्यावर ग्राहक आयोगात तक्रार केली. पाच ते दहा लाखांच्या मधल्या रकमेला फी फक्त २०० रुपये, आणि वकील लागतोच असं नाही. नोटीस मात्र 'सदर इसम या पत्त्यावर राहत नाही' असा शेरा घेऊन परत आली. पत्ता हवा म्हणून मी पार्ल्याच्या त्या हॉलवर गेलो. बुकिंग करताना काहीतरी कागद घेतलेच असतील. व्यवस्थापक म्हातारे, धोतर-टोपी, समोर जाडजूड रजिस्टर. त्यांनी पानं मागे मागे नेली, जुलैवर बोट ठेवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही त्याच्यातले का?" मी नाही म्हणालो, काय झालं ते सांगितलं.

"अर्धं भाडं बाकी आहे," ते म्हणाले. "वड्यांचेही पैसे दिलेले नाहीत. सापडला तर आम्हालाही कळवा."