टाटा पंच घेऊ का मारुती स्विफ्ट? पुण्यातलं उत्तर

पेठेत राहता आणि रोज ट्रॅफिकमध्येच गाडी चालवायची असेल तर स्विफ्ट, हलकी आहे, पटकन वळते, 2024च्या मॉडेलला 6 एअरबॅग सगळ्या व्हेरियंटला आहेत. पण मला पंच जास्त पटते. 187 मिमी ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे सोसायटीतले उंच स्पीडब्रेकर असोत नाहीतर पावसाळ्यात पानशेतकडचे खड्डे, खालून घासायची भीती कमी, आणि 2021ला ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये मोठ्यांच्या सुरक्षेसाठी 5 स्टार. आईबाबांना बसायलाही उंच सीट बरी पडते, गुडघ्यांना त्रास नाही. सीएनजीत तर फरक मोठा, पंचमध्ये दोन छोटे सिलेंडर डिकीच्या तळाखाली बसवलेत म्हणून गावाकडच्या बॅगा डिकीत मावतात. 2024मध्ये देशात सगळ्यात जास्त पंचच खपली. पिकअप मात्र स्विफ्टचाच भारी हं!