अंगणात कोणती बिही लावावी?

भाचीने इंग्लंडमध्ये घर घेतलंय. अंगणात एकाच झाडाला जागा आहे आणि नर्सरीत दोन वेगळ्या रोपांवर ‘क्विन्स’ लिहिलेलं. क्विन्स म्हणजे बिही, सफरचंद-नासपतीच्या कुळातलं फळझाड. एक खरी बिही, दुसरी जपानी.

जागेचं आधी बघू. खरी बिही चार-पाच मीटर वाढते. तिला भरपूर ऊन आणि ओल धरणारी जमीन हवी. जपानी बिही म्हणजे काटेरी झुडूप, भिंतीलगत अर्ध्या सावलीतही तग धरतं.

फळासाठी मात्र मी खऱ्या बिहीलाच कौल देईन. एकटं झाडही फळतं. ऑक्टोबरात पिवळी, लव असलेली फळं उतरवली की खोलीभर घमघमाट! कच्ची तुरट लागतात, पण साखरेत मंद शिजवल्यावर गुलाबी-लाल होतात. काश्मीरमध्ये ती वांग्याबरोबर शिजवतात. जपानी बिहीची फळं लहान, टणक, कमालीची आंबट. जेलीला चालतात.

फुलांत जपानी सरस: पानं येण्याआधीच लाल-केशरी बहरते.

ओल्या हवेत खऱ्या बिहीच्या पानांवर ठिपके पडून ती गळतात, तेव्हा पडलेली पानं नेमाने वेचावीत. छाटणी हिवाळ्यात आणि हलकीच, कारण फुलं फांद्यांच्या टोकाशी येतात. जपानीची छाटणी बहर ओसरल्यावर.

मुरंबा हवा आणि ऊन असेल तर खरी बिही. सावलीची भिंत सजवायची किंवा काटेरी कुंपण हवं असेल तर जपानी.