फौंड्रीसाठी टॅली पुरे की ईआरपीनेक्स्ट घ्यावं?

कोल्हापूरजवळ शिरोली नाहीतर गोकुळ शिरगाव एमआयडीसीत तीस-चाळीस माणसांची फौंड्री, म्हणजे धातू वितळवून ओतकाम करणारा कारखाना; हिशेब टॅली या सॉफ्टवेअरात आणि उत्पादन वहीत. अशा मालकाला वर्षातून एकदा तरी कुणीतरी गाठतोच, "मालक, ईआरपी घ्या की!" ईआरपी म्हणजे हिशेब, स्टॉक, उत्पादन सगळं एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर, ईआरपीनेक्स्ट त्यातलंच एक. मी हा बदल एका फौंड्रीत आत राहून बघितलाय. त्यावरून सांगतो.

हिशेबापुरतं बोलायचं तर टॅलीच. अकाउंटंट सोडून गेला तर टॅली येणारा दुसरा लगेच मिळतो, आणि सीएंच्या ऑफिसलाही तेच सवयीचं. ५ कोटींच्या वर उलाढाल असली की १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, लागतं. टॅलीप्राइममधून ते थेट निघतं. ईआरपीनेक्स्टमध्ये त्यासाठी 'इंडिया कम्प्लायन्स' हे वेगळं ॲप जोडावं लागतं.

खरा फरक शेडमध्ये कळतो. मशीनिंगला गेलेल्या कास्टिंगमध्ये (ओतीव नगात) ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, निघालं आणि गिऱ्हाइकानं विचारलं, "हीट नंबर (भट्टीतल्या एका वितळणीचा नंबर) कुठला? त्याच हीटचे बाकीचे नग कुठं गेले?" तर आमच्याकडे अर्धा दिवस वह्या चाळण्यात जायचा. मेल्टिंगची वही एकीकडे, स्पेक्ट्रोचा (धातूच्या रासायनिक तपासणीचा) रिपोर्ट फाइलीत, चलन तिसरीकडे. ईआरपीनेक्स्टमध्ये हीट नंबरलाच बॅच धरली, तपासणीचे आकडे त्याला जोडले आणि चलनही त्यावरूनच काढलं की उत्तर दोन मिनिटांत मिळतं. टॅलीतही बॅच लावता येते, पण रासायनिक तपासणी तिला चिकटवायची तर वेगळं काम करून घ्यावं लागतं.

जॉबवर्कची, म्हणजे बाहेरून काम करून घेण्याची, सोय दोन्हीकडे आहे. उद्यमनगरात मशीनिंगला पाठवलेला माल जीएसटीप्रमाणे वर्षाच्या आत परत यायला हवा. पण चलनच लिहिलं नाही तर कुठलंच सॉफ्टवेअर आठवण करून देणार नाही.

पुराचा मुद्दा क्लाउडवाले हमखास काढतात. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं. त्यातल्या पहिल्या पुरात आमचा कॉम्प्युटर वरच्या मजल्यावर कोरडा होता, पण तिथं पोचणार कोण? बॅकअपचा पेन ड्राइव्हही त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये! पगार लांबले. तरीही एवढ्यासाठी ईआरपी घेऊ नका, टॅलीसुद्धा क्लाउडवर ठेवता येते. उलट नेट गेलं की क्लाउडवरचं काहीही अडकतं, ऑफिसातली टॅली चालू राहते.

खर्चाचं गणित फसवं आहे. ईआरपीनेक्स्ट मुक्त सॉफ्टवेअर, लायसन्सचे पैसे नाहीत. ते बनवणाऱ्या फ्रॅपे कंपनीच्या क्लाउडवर माणसागणिक आकारणी नाही, सर्व्हरची आहे. स्वस्त वाटतं. पण बसवून देणाऱ्याची फी आणि तुमच्या सुपरवायझरचा वेळ, खर्च तिथं होतो. आमच्याकडे रात्रपाळीचा सुपरवायझर वहीतच लिहायचा आणि सकाळी एक पोरगा ते कॉम्प्युटरवर चढवायचा, त्यामुळे स्टॉक कायम एक दिवस मागे. शेवटी काट्याजवळ एक टॅब ठेवला आणि तीनच नोंदी मागितल्या: हीट नंबर, चांगले नग, रिजेक्शन. मग गाडी रुळावर आली.

तेव्हा दोन-चारच गिऱ्हाइकं असतील आणि हीट नंबरची विचारणा होत नसेल तर टॅलीवरच थांबा, फक्त बॅकअप फॅक्टरीबाहेर ठेवा. वाहन कंपन्यांना माल जात असेल, रिजेक्शनवरून वाद होत असतील, तर शेडसाठी ईआरपीनेक्स्ट घ्या आणि पहिलं आर्थिक वर्ष हिशेब टॅलीतच ठेवा. बिलं दोनदा चढवावी लागतात, अकाउंटंट कुरकुरतो. कुरकुरू दे. सुरुवात १ एप्रिललाच करा, अधेमधे स्टॉक जुळवणं म्हणजे डोक्याला ताप.

काहीही निवडा, आधी मालाची यादी साफ करा. आमच्याकडे एकाच पॅटर्नची (साचा बनवायच्या नमुन्याची) 'पंप बॉडी', 'बॉडी पंप', 'पी. बॉडी' आणि 'जुनी बॉडी' अशी चार नावं निघाली. चौथं नाव कुणी ठेवलं ते अजून कोणी कबूल केलेलं नाही.