जुनी जिप्सी घ्यावी की जुनी एमएम ५४०?

जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी घ्यायची म्हटलं की बहुतेकांची गाडी मारुतीची जिप्सी आणि महिंद्राची एमएम ५४० जीप या दोन नावांवर येऊन थांबते, आणि मग चर्चा रंगते ती इंजिनाची. मी म्हणेन, इंजिन सगळ्यांत शेवटी बघा. दोन्हींचं इंजिन खोलून बांधणारे मेकॅनिक अजून सापडतात. कुजलेली चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, मात्र पैसे आणि पावसाळे दोन्ही खाते.

कोकणात एक गाडी पाहायला गेलो होतो. रंग नवा, टायर नवे, हूड नवं. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचलून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं पत्र्यावर ठोकलं. टणटण वाजायला हवं, तिथे थप्प झालं. टोक जरा दाबलं तर आरपार गेलं आणि भोकातून खालचं गवत दिसलं. जिप्सीचा पत्रा पातळ, म्हणून तिचं फ्लोअर, दारांखालची पट्टी आणि बॉडी चासीवर बसते ती माउंटिंग आधी ठोकून बघा. महिंद्राचा पत्रा जाड आणि सपाट, तालुक्याच्या गावातला वेल्डरही तुकडा कापून जोडून देतो. पत्र्याच्या बाबतीत महिंद्रा पुढे, यात मला शंका नाही.

दोन्ही गाड्यांना पुढेमागे सॉलिड एक्सल (दोन चाकांना जोडणारा अखंड दांडा) आणि पाट्यांच्या स्प्रिंगा. पुढचं चाक जॅकवर घ्या, वर-खाली धरून हलवा. खडखड लागली तर किंगपिनचे (ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं तिचे) किंवा चाकाचे बेअरिंग गेले आहेत. खड्ड्यावरून गेल्यावर स्टिअरिंग थरथरायला लागतं ते बहुतेकदा यामुळेच. काम महाग नाही, पण चांगल्या हातानं व्हायला हवं. चाकाच्या आतल्या गोल भागाभोवती पातळ तेल पाझरत असेल, तर एक्सलचा सील फुटून डिफरन्शियलचं तेल ग्रीसमध्ये मिसळलंय.

आता इंजिन. एमएम ५४० चं २११२ सीसीचं प्युजो डिझेल संथ आणि आवाजी, पण त्याला स्पार्क लागत नाही. ओढ्यात कार्बोरेटरवाली जिप्सी स्पार्क वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर भिजून बंद पडते, तिथे हे चालत राहतं. सकाळी सुरू व्हायला कुरकुरलं तर आधी हीटर प्लग आणि बॅटरी बघा, लगेच डिझेलचा पंप खोलू देऊ नका. मात्र चारही ड्रम ब्रेक पाण्यातून निघाले की धरत नाहीत. पुढे निघण्याआधी हलका पाय ठेवून वाळवावे लागतात.

जिप्सी १९८५ ला ९७० सीसीची आली, १९९६ ला किंग १२९८ सीसीची झाली, २००० च्या सुमारास एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल सोडणारी. घ्यायचीच तर एमपीएफआय घ्या. कार्बोरेटर नीट जुळवणारे हात कमी होत चाललेत. गाडी जेमतेम टनभर वजनाची, त्यामुळे चिखलात जड जीप रुतते तिथून ही निघते. चढणीवरची तिची चपळाई एकदा अनुभवली की पेट्रोलचा खर्च खुपत नाही, निदान मला तरी खुपला नाही.

सुट्या भागांचं म्हणाल तर पुण्यात नाना पेठेत एक फेरी मारलीत तर दोन्हींचं बरंचसं मिळतं.

कागदांकडे मात्र कानाडोळा नको. जुन्या जीपमध्ये इंजिन बदललेलं असणं सर्रास आहे. इंजिन आणि चासी नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा. लष्कराच्या लिलावातली जिप्सी असेल तर नागरी नोंदणी झाल्याशिवाय पैसे देऊ नका. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि पर्यावरण कर आहेच. गाडी दिल्लीकडे न्यायचा विचार असेल तर डिझेल घेऊच नका.

गावाकडे शेत, ओढा, ओझं आणि जवळ जुना डिझेल मेकॅनिक असेल तर एमएम ५४०. शहरात राहून शनिवार-रविवारी सह्याद्रीतल्या वाटा धुंडाळायच्या असतील तर जिप्सी, आणि तीही घाटमाथ्यावरची. किनाऱ्यालगत वाढलेली असेल तर स्वस्त मिळाली तरी मॅट उचलल्याशिवाय बयाणा देऊ नका.