पहाटेचा सेल्फ आणि मरणारी रेस: सहाचाकीचा १४ महिन्यांचा अनुभव

चौदा महिन्यांपूर्वी, नोव्हेंबरात, सेकंड हँड सहाचाकी ट्रक घेतला. बीएस-४ (प्रदूषणाच्या जुन्या नियमातली गाडी), कॉमन रेल इंजिन, म्हणजे एकाच नळीत (रेलमध्ये) जास्त दाबाने डिझेल साठवून ते सगळ्या नोझलना पुरवणारं. सोलापूरच्या मार्केट यार्डातून कांदा भरायचा, हैदराबादला उतरवायचा, परतीला मिळेल तो माल. आता गड्डा (सोलापूरची सिद्धेश्वराची जानेवारीतली जत्रा) भरलाय, दुसरी थंडी सरत आली, म्हणून लिहितोय.

सोलापूर उन्हाचं गाव. इथं गाडीला थंडी बाधते म्हटलं तर कुणाला पटत नाही. पण पहिल्याच डिसेंबरात पारा १२-१३वर आला की पहाटे गाडी लागेना. सेल्फ मारला की थोडा पांढरा धूर, पुन्हा सेल्फ. दुपारी मात्र किल्ली फिरवली की चालू. एका गॅरेजात थेट डिझेल पंप आणि इंजिनात डिझेल फवारणारे नोझल उतरवायला सांगितलं. खर्च ऐकून मी गाडी तशीच बाहेर काढली.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका जुन्या फिटरने आधी मीटर काढला. सेल्फ फिरताना बॅटरीवर २२ व्होल्ट, सेल्फवर जेमतेम १८. मधले चार गेले कुठे? चेसिसवरच्या अर्थिंगचा बोल्ट खोलला तर पट्टीखाली हिरवा गंज. कानस मारून घासलं, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलिन लावलं. सेल्फ जोरात फिरू लागला, पण पहाटेचा त्रास निम्माच गेला.

उरलेला निम्मा डिझेल लाइनमध्ये होता. त्याने फिल्टरच्या पुढे हातभर पारदर्शक पाइप जोडला आणि गाडी रात्रभर दारात ठेवायला सांगितली. पहाटे चारला मोबाइलचा उजेड धरून बघितलं: निम्मा पाइप रिकामा, आणि सेल्फ मारताच ज्वारीच्या दाण्याएवढे बुडबुडे धावायला लागले. टाकी खाली, फिल्टर वर. त्यामुळे कुठूनही हवा मिळाली की रात्रीत डिझेल मागे उतरतं. पंप डिझेल ओढतो त्या बाजूची लाइन असल्याने बाहेर थेंब दिसत नाही, हवा मात्र आत शिरते. हवा असली की रेलमध्ये दाब बनत नाही, आणि दाब झाल्याशिवाय ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) नोझल उघडू देत नाही. दोष वॉटर सेपरेटरच्या (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या भांड्याच्या) कडक झालेल्या रबरी रिंगचा निघाला. गारठ्यात ती आखडायची, दुपारी पुन्हा बसायची. रिंग आणि दोन तांब्याचे वॉशर बदलले, हातपंप मारून एअर काढली. त्या दिवसापासून पहिल्या किल्लीत चालू होते.

रेसचं दुखणं वेगळं. नळदुर्गच्या पुढे, भरल्या गाडीत, पेडल तळाला गेलं तरी इंजिन उचलेना, चेक लाइट लागलेला. बंद करून चालू केली की तात्पुरती ठीक. पेडलमध्ये दोन सेन्सर असतात. दोघांचं जुळलं नाही की ईसीएम ताकद कापतो. केबिन धुताना कनेक्टरमध्ये पाणी गेलं होतं. पिना साफ करून तीन महिने निभावलं, मग पेडलच ओरिजिनल बसवलं. लाइन एअर धरत असेल तर रेस घेताना गाडी आचके देते, सेन्सर गेला तर पेडल एकदम मेल्यासारखं होतं. एवढा फरक ओळखला तरी चुकीचं काम टळतं.

काहीजण एअर फिल्टरमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारतात. इनटेकला (इंजिनात हवा जाते त्या वाटेला) हीटर असलेल्या गाडीत कृपा करून मारू नका, भडका उडतो. सेल्फसुद्धा सलग १०-१५ सेकंदांच्या वर नको. मध्ये मिनिटभर थांबा.

अजून पहाटे अर्धा मिनिट पांढरा धूर येतो. तेवढ्यासाठी पुढच्या खेपेनंतर इनटेक हीटरचा रिले (त्याला करंट देणारा स्विच) तपासणार आहे.