मांजर, चपला आणि ३०० जीएसएमची वही

आमच्या घरात मॉडेल म्हणून कुणी धड बसत नाही. मांजर कूस बदलते, आजी "माझं नाक एवढं मोठं आहे का रे?" म्हणत उठून जाते. त्यामुळे जलरंगात त्यांची चित्रं काढायला मला वही हवी होती ती झटकन उघडणारी. ही ए५ वही शिवण बांधणीची आहे, पूर्ण सपाट पडते. दोन पानांवर आडवी मांजर आरामात मावते.

कागद ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे चांगला जाड), शंभर टक्के कॉटन, कोल्ड प्रेस, म्हणजे खरबरीत पोताचा. खरी मजा इथेच. कॉटन पाणी धरून ठेवतो, म्हणून मांजरीच्या पोटाकडचा राखाडी रंग पांढऱ्यात मुरेपर्यंत सवड मिळते. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर तोवर कडा वाळून डाग पडलेला असतो! दारातल्या झिजलेल्या चपला, वाळलेलं पान, यांना तो खरबरीतपणा शोभतो. पण ०.१ च्या अगदी बारीक टोकाच्या पेनाने आजीच्या चष्म्याची काडी काढायला जा, रेघ तुटतेच. तसल्या कामाला गुळगुळीत, हॉट प्रेस कागद बरा.

इलॅस्टिक लवकर सैल पडतं, पानंही कमी. रोजच्या खरडण्याला साधी वही ठेवलीये; रंगवायला मात्र हीच.