यार्ड सेलसाठी घरी बनवलेला कपड्यांचा लाकडी रॅक : वर्षभराच्या वापरानंतर

मागच्या एप्रिलमध्ये बनवलेला रॅक आता दुसरा एप्रिल आला तरी ताठ उभा आहे, म्हणून आता त्याच्याबद्दल खात्रीने लिहिते. नवीन असताना काय, सगळंच छान वाटतं. आम्ही अमेरिकेत सेंट्रल जर्सीत, म्हणजे न्यू जर्सी राज्याच्या मधल्या भागात राहतो, इकडे मे-जूनमध्ये आणि परत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गराज सेल, यार्ड सेल, म्हणजे घरातल्या नको असलेल्या वस्तू दारात-अंगणात मांडून विकणं, यांचा नुसता धडाका असतो, काही गावांत तर एकाच शनिवारी अख्ख्या गावाचा सेल लागतो आणि लोक सकाळी आठच्या आधीच गाड्या लावून दारात हजर. तर हा रॅक अशा दोन्ही सीझनला अंगणात उभा राहिला, मधे गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमाला मुलांचे नाटकाचे कपडे टांगायला स्टेजमागे गेला आणि थंडीभर बेसमेंटमध्ये ओले कपडे वाळत घालायला वापरला. कितीतरी वेळा सुटा केला, परत जोडला.

मुळात रॅक कशाला हवा असं विचारणाऱ्यांसाठी आधी हे सांगते. टेबलावर कपड्यांचा ढीग ठेवला की लोक वरचे दोन-चार उचलून बघतात आणि पुढे जातात, खाली दबलेला चांगला फ्रॉक कोणाला दिसतच नाही, आणि चादर अंथरून जमिनीवर ठेवले तर वाकायचा कंटाळा म्हणून तेवढंही नाही. तेच कपडे हँगरवर नजरेसमोर आले की माणूस एक एक सरकवत शेवटपर्यंत बघतो. लहान मुलांची जॅकेटं, शाळेचे कोट, एकदाच घातलेले पार्टीचे ड्रेस, हे सगळं आमचं टांगलं म्हणूनच गेलं असं मी छातीठोकपणे सांगते. दोन-तीन डॉलरच्या कपड्यालासुद्धा नीट टांगलं की मान मिळतो, आणि घासाघीसही कमी होते.

बाजारात पाइपचे रॅक मिळतात, स्वस्त असतात, आमच्याकडेही एक होता. घरात सपाट फरशीवर ठीक. पण गवतावर त्याची छोटी चाकं रुततात आणि वारा आला की अख्खा रॅक कपड्यांसकट आडवा. कारण टांगलेले कपडे म्हणजे सरळसरळ शीडच असतं, वारा भरतो आणि रॅक ओढला जातो. त्यामुळे लाकडाचा बनवताना माझी एकच अट होती, गवतावर हलायला नको आणि सेल संपला की सुटा होऊन भिंतीला टेकून राहायला हवा.

रचना अगदी साधी आहे, सुतारकाम शिकलेलं असायची गरज नाही. टू बाय थ्रीचे आठ फुटी चार स्टड, म्हणजे लाकडाचे सरळ वासे, घ्यायचे. नावाला दोन बाय तीन, प्रत्यक्षात ते दीड बाय अडीच इंचच असतात, हे लक्षात ठेवून मापं काढा. प्रत्येकाचा ६६ इंचाचा एक पाय कापायचा, होम डेपोसारख्या दुकानात कापूनही देतात. दोन पाय कात्रीसारखे एकमेकांवर ठेवून वरून साधारण एक फुटावर आरपार भोक पाडायचं आणि ३/८ इंच जाडीचा चार इंची कॅरेज बोल्ट, म्हणजे गोल गुळगुळीत डोक्याचा बोल्ट, घालायचा. पाय खाली दोन फूट फाकवले की वर इंग्रजी व्हीसारखी खाच तयार होते, तिच्यात कपडे टांगायचा दांडा आपोआप बसतो, त्याच्यासाठी वेगळं काही कोरावं लागत नाही. वरून जितकं वजन पडेल तितका दांडा त्या खाचेत आवळून बसतो. अशा दोन कात्र्या करायच्या. स्टडचे अडीच-अडीच फुटांचे तुकडे उरतात, त्यातले दोन खाली आडवे मारायचे म्हणजे पाय ठरल्यापेक्षा जास्त फाकत नाहीत. मग दोन्ही कात्र्या खालून पुढे-मागे वन बाय फोरच्या लांब पट्ट्यांनी जोडायच्या, या पट्ट्यांना स्क्रू नको, बोल्ट आणि हाताने फिरवायचे विंग नट. याच पट्ट्यांवर एक फळी टाकली की बुटांची सोय झाली, आणि वाऱ्याच्या दिवशी दोन विटाही तिथेच.

आणि कोपऱ्यातल्या तिरक्या पट्ट्या, त्या अजिबात गाळू नका. पुढे-मागे हा रॅक पडत नाही कारण पाय फाकलेले आहेत, पण दांड्याच्या दिशेने, म्हणजे डावीकडे-उजवीकडे, नुसत्या बोल्टवर तो झुलतो. खालच्या लांब पट्टीपासून पायापर्यंत फूट-सव्वा फुटाची तिरकी पट्टी दोन्ही बाजूंना मारली की तिथे त्रिकोण होतो आणि झुलणं बंद. एवढ्या महिन्यांत रॅक सरळ राहिला त्याचं निम्मं श्रेय मी या दोन टीचभर पट्ट्यांना देईन.

आता दांड्याबद्दल जरा सविस्तर, कारण रॅक बिघडतो तो इथे. मी कपाटात लावतात तो लाकडी गोल दांडा घेतला, सव्वा इंचापेक्षा थोडा जाड, सहा फूट लांब. पण दोन कात्र्यांमधलं अंतर चारच फूट ठेवलं आणि दोन्हीकडे एक एक फूट बाहेर सोडला. चार फुटांवर भरगच्च कपडे टांगले तर बाक डोळ्याला जेमतेम जाणवतो. तेवढ्याच दाटीने कपडे लावून अंतर सहा फूट केलं तर बाक दीडपट नाही, जवळजवळ पाचपट होतो, कारण तो लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणून मोठा रॅक हवा असेल तर दांडा लांबवू नका, मधे तिसरी कात्री घाला. बाहेर आलेली टोकं पण फार कामाची, तिथे सगळ्यात भारी दिसणारा ड्रेस लावायचा, रस्त्यावरून गाडीतून जाणाऱ्यालाही दिसतो.

थंडीत बेसमेंटमध्ये ओले कपडे घातल्यावर मात्र दांडा किंचित बसला, म्हणजे रिकामा केला तरी थोडा वाकलेलाच. लाकूड सतत वजनाखाली राहिलं आणि त्यात ओलं झालं की असं होणारच. उपाय सोपा, दांडा अर्धा फिरवायचा, वाकलेली बाजू वर. परत कपडे टांगले की सरळ होतो. आता मी महिन्यातून एकदा फिरवतेच. यासाठी दांडा खाचेत कायमचा ठोकू नका, एक छोटा स्क्रू पुरे.

दुसरी गोष्ट हिवाळ्यातली, हीटिंग सुरू झालं की घरातली हवा कोरडी पडते आणि लाकूड आकसतं. लांबीत जवळजवळ नाहीच, पण रुंदी-जाडीत आकसतं, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये घट्ट असलेले नट जानेवारीत सैल लागतात. लाकूड खराब आहे असं समजू नका, नट आवळायचे आणि विसरून जायचं. उन्हाळ्यात ते परत फुगतं, तेव्हा अर्धा फेरा सैल करा, नाहीतर वॉशर लाकडात रुततो.

लाकूड निवडताना घाई नको. स्टड उचलून एका टोकाकडून बंदुकीसारखा नेम धरून बघायचा, पीळ असेल तर लगेच कळतं. गाठी कमी असलेले घ्या, कारण उन्हात गाठीतून चीक येतो आणि तो कपड्याला लागला की निघता निघत नाही. हिरवट रंगाचं प्रेशर ट्रीटेड लाकूड काही लोक बाहेर ठेवायचं म्हणून सुचवतात, मला ते बिलकुल पटत नाही. त्यात तांब्याची रसायनं मुरवलेली असतात, बऱ्याचदा ते दुकानातच ओलं असतं, आणि आपला रॅक काही पावसात राहणार नाहीये.

सगळ्यात जास्त वेळ घासण्यात जातो आणि तो द्यायलाच हवा. आधी १२० चा, मग २२० चा सँडपेपर. झालं असं वाटलं की जुन्या शिफॉनच्या ओढणीचा तुकडा दांड्यावरून आणि पायांवरून फिरवायचा, जिथे कुसळ असेल तिथे तो बरोब्बर अडकतो, हाताला जे लागत नाही ते ओढणीला लागतं. सिल्कची साडी नाहीतर जाळीचा लेहंगा टांगणार असाल तर ही परीक्षा घ्याच. नंतर दांड्याला पाण्यातलं पॉलियुरेथेन, म्हणजे पारदर्शक वॉर्निश, दोन हात आणि सुकल्यावर वरून पांढरी मेणबत्ती घासली. हँगर असे सरसर सरकतात की बघणाऱ्यालाही बरं वाटतं. मात्र वारा दांड्याच्या दिशेने आला तर सगळे हँगर एका टोकाला गोळा होतात, म्हणून मी फुटाफुटावर लाकडी चिमटे लावते आणि त्यांच्यावरच साइज लिहिते, दोन वर्षं, चार वर्षं, सहा वर्षं असं. आयांना ते फार आवडलं, विचारावंच लागत नाही.

लहान मुलांची जॅकेटं टांगताना आणखी एक काम करा, टोपीची आणि गळ्याची नाडी ओढून काढून टाका. घसरगुंडीत ती अडकून मुलं दगावलेली आहेत, आणि अमेरिकेत २०११ पासून अशा नाडीची मुलांची जॅकेटं धोकादायक माल म्हणून नियमात धरली जातात. रिकॉल झालेली, म्हणजे धोका आढळून परत मागवलेली, वस्तू तर गराज सेलमध्येसुद्धा विकता येत नाही. सेलच्या परमिटचंही टाउनशिपच्या, म्हणजे गावच्या प्रशासनाच्या, साइटवर आधी बघून घ्या, इथल्या बऱ्याच गावांत ते लागतं आणि वर्षातून किती वेळा सेल करता येईल यालाही मर्यादा असते.

तक्रार म्हणाल तर वजन. चारही पाय, पट्ट्या, फळी धरून हा रॅक एकट्याने उचलून अंगणात नेणं जड जातं, मी कात्र्या सुट्या करून वेगळ्या नेते आणि तिथेच जोडते, सवय झाली की दहा-पंधरा मिनिटांचं काम. पाऊस पडून गेलेला असेल तर पायांखाली फळकुटाचे चार तुकडे ठेवा, नाहीतर एक पाय रुततो आणि सगळे कपडे तिकडे झुकतात. अपार्टमेंटमध्ये राहत असाल, कापायला-घासायला जागा नसेल आणि वर्षातून एखादाच सेल करणार असाल तर कोणाकडून तरी मागून आणा, आमचा रॅक मे महिन्यात असाच तीन घरी जाणार आहे.